रामाविना लक्ष्मण

2025 सालच्या जानेवारीत आमच्या नेरूळमध्ये मोठी धमाल उडाली होती. 'कोल्डप्ले' नावाच्या विलायती गायक-वादकांचे डी. वाय. पाटील स्टेडियमवर तीन कार्यक्रम झाले, 18, 19 आणि 21 तारखेला. आणि एरवी ऑफिसच्या डब्यांनी भरलेल्या आमच्या लोकलगाड्या एकाएकी तरुण झाल्या. आमच्या कन्येला तिकीट मिळाले नाही. तेव्हा गच्चीत उभी राहून वाऱ्यावर येईल तेवढे गाणे ती ऐकत होती, आणि मी तिच्या सोबतीला, खरे सांगायचे तर कठड्याची राखण करायला, उभा होतो.

मध्येच ती म्हणाली, "बाबा, या चौघांपैकी एक जण नसेल, तर बाकीचे याच नावाने गातील का?"

प्राध्यापकाला प्रश्न विचारला की तो उत्तर देण्याआधी घसा साफ करतो. मीही केला. पण उत्तर काही सुचले नाही.

पुढे चार दिवस शोधाशोध केली तेव्हा कळले, की हा पेच तिकडे अनेकांना पडलेला आहे. इंग्लंडात 'जॉय डिव्हिजन' नावाचा बँड होता. 1980 च्या मे महिन्यात त्यांचा गायक इयान कर्टिस अकाली गेला. मागे राहिलेल्या तिघांनी जुने नाव मिटवून 'न्यू ऑर्डर' या नावाने नव्याने आरंभ केला. उलट 'डेपेश मोड' या बँडच्या संस्थापकांपैकी अँडी फ्लेचर 2022 च्या मे महिन्यात वारला, तेव्हा उरलेल्या दोघांनी नाव तेच ठेवले आणि पुढच्या मार्च महिन्यात नवा अल्बम काढला. त्याचे नाव 'मेमेंतो मोरी', म्हणजे 'मरणाचे स्मरण असू दे'. एकाने पाटी उतरवली, दुसऱ्याने ठेवली. दोघांचेही दुःख खरेच असणार.

पण वाचकहो, काखेत कळसा असताना मी गावाला वळसा घालत होतो! या प्रश्नाचे उत्तर माझ्या लहानपणीच आमच्या घरात वाजत होते.

1990 सालची गोष्ट. आम्ही वाशीला सिडकोच्या घरात राहत होतो. वाशीला तेव्हा आगगाडी आली नव्हती. ती 1992 साली आली. वडील खाडीपुलावरून बसने मुंबईला जात, आणि एका संध्याकाळी त्यांनी येताना 'मैंने प्यार किया'ची कॅसेट आणली. ती आम्ही इतकी वाजवली, की फीत अडकून गुंता झाला म्हणजे पेन्सिल घालून फिरवणे हे घरातले माझे अधिकृत खाते होऊन बसले. वेष्टनावर संगीतकाराचे नाव होते, 'राम-लक्ष्मण'. माझी समजूत, आणि माझ्या वयाच्या कितीतरी जणांची, की हे दोन सख्खे भाऊ असतील. एक पेटीवर, एक तबल्यावर. त्यातला राम त्या वेळी कितीतरी वर्षांपूर्वीच हे जग सोडून गेलेला होता, हे मला पुष्कळ उशिरा कळले.

लक्ष्मण म्हणजे विजय पाटील. 1942 साली जन्मलेला नागपूरचा माणूस. संगीताचे पहिले धडे घरीच वडिलांकडे. पियानो आणि ॲकॉर्डियनवर हात चांगला बसलेला. राम म्हणजे त्यांचे जोडीदार सुरेंद्र. या दोघांना हेरले ते दादा कोंडके यांनी. माणसे पारखण्यात आणि त्यांना नावे ठेवण्यात, चांगल्या अर्थाने बरे का, दादांचा हात धरणारा विरळा! 'राम-लक्ष्मण' ही जोडी त्यांच्या 'पांडू हवालदार'मधून 1975 साली पडद्यावर आली. त्या गाण्यांनी गावोगावचे तंबू आणि शहरातली थिएटरे सारखीच डोलवली. मग मुंबईच्या राजश्री संस्थेने 'एजंट विनोद' हे हिंदी चित्र त्यांना दिले. घराघरात पोहोचायचा दरवाजा नुकता किलकिला झाला होता, आणि चित्र हाती घेतल्यावर लवकरच राम गेले.

आता लक्ष्मणापुढे काय मार्ग होते पाहा. परत नागपूरला जावे, हा एक. स्वतःच्या, म्हणजे विजय पाटील या नावाने उभे राहावे, हा दुसरा; आणि त्यात गैर काहीच नव्हते. बाजारात नाव जमलेले आहे म्हणून तेच चालवावे, हा तिसरा. कुणी म्हणेल, त्यांनी तिसरा निवडला. धंद्याची गोष्ट आहे. असेल. धंद्याचा विचार मनात आलाच नसेल, असे मी म्हणणार नाही. पण बाजाराचे नाव दोन-चार वर्षे टिकते. विजय पाटलांनी हे नाव अखेरपर्यंत, चाळीसहून अधिक वर्षे वापरले, आणि त्यात जोडीदाराचे नाव नेहमी पहिले ठेवले.

असे करणारे ते एकटेच नव्हेत. 1971 च्या सप्टेंबरात जयकिशन गेले, तरी शंकर यांनी 1987 साली आपला अंत होईपर्यंत 'शंकर-जयकिशन' हीच पाटी ठेवली. पण शंकर-जयकिशन यांचे साम्राज्य उभे राहून झाले होते. राम-लक्ष्मणांचे तर नुकते जोते भरले होते. जोत्यावर दोघांचे नाव कोरून वरचे मजले एकट्याने चढवायचे, हे काम अवघड.

रामायणात लक्ष्मण आधी जातो, राम मागे राहतो. येथे उलटे झाले. म्हणून मला येथे लक्ष्मणापेक्षा भरतच आठवतो. सिंहासनावर पादुका ठेवून राज्य करायचे; यश आले तर ते पादुकांचे, चूक झाली तर ती आपली. 'तराना' 1979 साली आला, 'हम से बढ़कर कौन' 1981 साली. हाताला काम होते, त्यातली काही गाणी लोकांच्या ओठी बसली, पण पहिल्या रांगेतली खुर्ची मिळत नव्हती. ती मिळाली 1989 च्या डिसेंबरअखेर. सूरज बडजात्या हा पंचविशीतला नवा दिग्दर्शक, सलमान खान हा जवळजवळ नवखाच नायक, आणि संगीत राम-लक्ष्मण यांचे. लताबाई आणि एस. पी. बालसुब्रमण्यम यांच्या गळ्यातून ती गाणी देशभर गेली आणि त्या वर्षीचे फिल्मफेअर पारितोषिक त्यांच्या संगीताला मिळाले. वनवास जवळजवळ रामायणातल्याइतकाच लांबला होता! पुढे 1994 साली 'हम आपके हैं कौन'ची गाणी आली. त्यांच्यावाचून पुढची कित्येक वर्षे लग्नाचा मांडवच पुरा होत नसे. 2018 सालचा महाराष्ट्र शासनाचा लता मंगेशकर पुरस्कार विजय पाटलांना मिळाला. 22 मे 2021 रोजी नागपूरलाच ते निवर्तले.

हे सारे आज सांगण्याचे कारण जरा घरगुती आहे.

माझ्या एका सहकारी मित्राबरोबर मी विद्यार्थ्यांसाठी व्याकरणाचे एक लहानसे पुस्तक लिहिले होते. मुखपृष्ठावर दोघांची नावे, आधी त्याचे. तीन वर्षांपूर्वी तो गेला. यंदा अभ्यासक्रम बदलला, नवी आवृत्ती काढायची ठरली, आणि प्रकाशक सहज म्हणाले, "सर, आता अर्धे पुस्तक नवेच होणार. एकट्या तुमचेच नाव घालू. मुखपृष्ठही मोकळे दिसेल."

कबूल करतो, मी लगेच 'नाही' म्हटले नाही. चार महिने रात्री जागून मजकूर मीच नव्याने लिहिला होता. मनात म्हटले, वावगे काय आहे? वहिनींना विचारावे म्हणून त्यांच्याकडे गेलो. पैशाचा विषय मी आधी काढला, अर्धा वाटा पूर्वीप्रमाणेच येईल म्हणून. त्यांनी चहा पुढे ठेवला आणि म्हणाल्या, "भाऊजी, नाव ठेवायचे की नाही ते तुम्ही ठरवा. पण ठेवलेत, तर त्यांना पटले नसते असे काही त्यांच्या नावाखाली घालू नका."

त्या एका वाक्याने मला कामाला लावले! दिवंगताचे नाव राखणे म्हणजे केवळ आदर, असे मी समजत होतो. तो एक जाच आहे हे तेव्हा कळले. प्रत्येक पानावर तो शेजारी येऊन बसतो. प्रयोगाच्या प्रकरणात एका उदाहरणावरून आमचा जुना वाद होता. तो गेल्यावर मी माझे उदाहरण गुपचूप घुसडले होते. ते काढले आणि त्याचे पुन्हा घातले. अजूनही मला माझेच बरोबर वाटते! चाल बांधताना विजय पाटलांच्या शेजारीही सुरेंद्र असेच येऊन बसत असतील का?

दिवाळीनंतर पुस्तक बाजारात येईल. मुद्रिते तपासत होतो तेव्हा कन्येने मुखपृष्ठ उचलून पाहिले. म्हणाली, "काकांचे नाव अजून पहिलेच?"

म्हटले, "हो. त्या रात्री गच्चीत तू काहीतरी विचारले होतेस ना?"