घाम उन्हाळ्याचा, खेळ बर्फाचा

(तृतीय वर्ष, कला)

एन.सी.सी.च्या शिबिरातली गोष्ट. गोळीबाराच्या सरावाला मी उशिरा पोहोचलो. उस्तादांनी शिक्षा म्हणून मैदानाला तीन फेऱ्या मारायला लावल्या आणि धापा टाकत असतानाच रायफल हाती देऊन आडवे व्हायला सांगितले. पाच गोळ्यांपैकी एकच कागदाला लागली. आदल्या दिवशी याच रायफलीने पाचही गोळ्या लागल्या होत्या. छातीतली धडधड जणू नळीच्या टोकापर्यंत पोहोचली होती! उस्ताद हसून म्हणाले, ''बंदूक ठीक आहे, तू ठीक नाहीस.''

माझी ही फजिती हाच ज्याचा पाया आहे, असा एक खेळ जगात खेळला जातो, हे मला पुढे वाचनात आले. त्या खेळाचे नाव बायथलॉन. पायांना लांब, अरुंद स्की बांधून, हातातल्या काठ्यांनी रेटा देत बर्फावरून चढ-उतार तुडवायचे. मध्येच थांबून पन्नास मीटरवरची पाच काळी वर्तुळे टिपायची. आणि पुन्हा धाव घ्यायची. निदान साडेतीन किलो वजनाची रायफल सतत पाठीवर असते. झोपून नेम धरताना लक्ष्याचा व्यास ४५ मिलिमीटर, म्हणजे मोठ्या लिंबाएवढा. उभ्याने धरताना ११५ मिलिमीटर, म्हणजे मोठ्या वाटीच्या तोंडाएवढा. नेम चुकला की बहुतेक शर्यतींत दीडशे मीटरची दंडाची फेरी मारावी लागते. काही शर्यतींत दर चुकीला वेळात एक मिनिटाची भर पडते. पायांनी मिळवलेले बोटाने घालवायचे, असा हा प्रकार!

या खेळाचा जन्मच मुळी सरहद्दीवरचा. १७६७ साली नॉर्वे आणि स्वीडन यांच्या सीमेवरील पहारेकऱ्यांमध्ये अशी स्पर्धा झाल्याची नोंद आहे. बर्फात गस्त घालणाऱ्या शिपायाला घसरता आणि नेम धरता, दोन्ही यायला हवे होते. १९६० साली या खेळाला ऑलिंपिकमध्ये आजच्या नावाने स्थान मिळाले. स्त्रियांना मात्र त्यासाठी १९९२ पर्यंत वाट पाहावी लागली. पूर्वी लष्करी बनावटीची मोठी रायफल वापरीत. १९७०च्या दशकाच्या अखेरीस तिची जागा पॉइंट टू-टूने घेतली. म्हणजे आपल्या एन.सी.सी.च्या रायफलीची ही सख्खी नाही, तरी चुलत बहीण खरीच.

नद्यांच्या काठची माणसे

आज या खेळाची एक शाळा अमेरिकेच्या मेन राज्यात, अगदी उत्तर टोकाला भरते. गावाचे नाव फोर्ट केंट. वस्ती सुमारे चार हजार. गावाला लागून सेंट जॉन नदी वाहते आणि पलीकडे कॅनडा. पूल ओलांडला की क्लेअर नावाचे गाव लागते आणि घड्याळ एक तास पुढे करावे लागते! १८४२ च्या तहाने नदी ही सीमा ठरली आणि एकाच समाजाची घरे दोन देशांत वाटली गेली. हे लोक मूळचे फ्रेंच भाषिक. १९१९ साली राज्याने कायदा करून शाळेत केवळ इंग्रजीतूनच शिकवण्याची सक्ती केली. तो कायदा १९६०च्या दशकात उठला. तोवर घरची भाषा शाळेच्या फाटकाबाहेर ठेवून आत जायची सवय पिढ्यांना लागली होती. सीमाभागात वाढलेल्या आपल्याकडच्या विद्यार्थ्याला हे दुःख समजावून सांगायला नको.

या प्रदेशाचे मुख्य पीक बटाटा. तिथल्या शाळा पूर्वापार ऑगस्टमध्येच उघडत आणि सप्टेंबरच्या मध्यास सुमारे तीन आठवडे बंद ठेवल्या जात, मुलांना बटाटे काढता यावेत म्हणून. आपल्याकडे खेड्यांतल्या शाळांना सुगीची सुट्टी असे, तशीच ही! यंत्रे आल्यापासून या सुट्टीची गरज कमी झाली आहे, तरी तिची आठवण प्रत्येक घरात आहे.

उन्हाळ्याची शाळा

मार्चअखेर शर्यती संपतात. एप्रिल विश्रांतीचा. मे उजाडला की खेळाडूचे नवे वर्ष सुरू होते. बर्फ नसताना बर्फावरचा खेळ शिकायचा कसा? त्यासाठी रोलर स्की असतात : हातभर लांबीच्या दांडीच्या पुढे-मागे एकेक चाक. यांना बहुधा ब्रेक नसतात. समोरून लाकडाने लादलेला ट्रक येत असताना, डांबरी रस्त्यावरून उतारावर स्वतःला सावरायचे म्हणजे काय, याची कल्पनाच केलेली बरी.

जोडीला पळणे, सायकल, वजने उचलणे आणि काठ्या घेऊन टेकडीवर उड्या मारीत चढणे असते. वरच्या दर्जाचा खेळाडू वर्षाकाठी सातशे ते आठशे तास असा व्यायाम करतो. गंमत अशी, की यातला बराच मोठा भाग मुद्दाम संथ गतीने करायचा असतो. हृदयाची ताकद दमाने वाढते. रोज जिवाच्या आकांताने धावणारा हिवाळा येण्याआधीच मोडतो.

मग येतो खरा कसाचा भाग. जोरात चढ चढून थेट नेमाच्या जागी यायचे. नाडी मिनिटाला १७०-१८० च्या घरात. ती शांत होईपर्यंत थांबले तर शर्यत गेली. तेव्हा शेवटच्या काही मीटरांत वेग किंचित उतरवायचा, दोन-तीन खोल श्वास घ्यायचे आणि दोन श्वासांच्या मधल्या निमिषभर स्तब्धतेत घोडा दाबायचा. पाच गोळ्यांना सुमारे अर्धा मिनिट. वारा फिरला तर नेमाची चकती तितकी फिरवायची. शिवाय संध्याकाळी घरी, भिंतीवरच्या ठिपक्यावर रिकाम्या रायफलीचा सराव. गोळी नाही, आवाज नाही, टाळी नाही. हजारो वेळा तीच हालचाल.

हे सारे कशासाठी?

१९९९ साली या भागात मेन विंटर स्पोर्ट्स सेंटर ही संस्था निघाली. कारखाने आणि शेती आटत चाललेल्या खेड्यांत मुलांना स्की देऊन गावाला उभारी द्यावी, हा तिचा हेतू. फोर्ट केंटमध्ये २००४ आणि २०११ साली विश्वचषकाच्या शर्यती झाल्या. दक्षिणेकडच्या स्टॉकहोम नावाच्या, अडीचशेच्या आसपास वस्तीच्या खेड्यातला रसेल करियर हा याच उपक्रमातून वर आला आणि २०१४ साली ऑलिंपिकला गेला. त्याच वर्षी संस्थेच्या मुख्य देणगीदाराने निधी थांबवला. गावकऱ्यांवर भार आला. विश्वचषकाचे पाहुणे आले आणि गेले. रस्ते, बटाटे आणि नोकरीसाठी बाहेर पडणारी तरुण मुले मात्र तिथेच राहिली.

१९६० पासून २०२२ पर्यंतच्या एकाही ऑलिंपिकमध्ये अमेरिकेला बायथलॉनचे पदक मिळाले नाही. तरीही तिथली मुले दर मे महिन्यात रस्त्यावर उतरली. पदकाच्या हिशेबाने पाहिले तर हा वेडेपणाच. पण मला वाटते, खेळाने त्या गावाला पदकापेक्षा वेगळे काही दिले. ज्याला जग कोपरा म्हणते, तिथे राहून एखादी गोष्ट जगाच्या तोडीने करता येते, हा विश्वास दिला. माझ्या गावातूनही दर जूनमध्ये मुंबईची एस.टी. भरून जाते. तिथे थांबण्यासारखे आम्ही काय उभे केले, हा प्रश्न त्या नदीकाठच्या लोकांनी मला नकळत विचारला आहे.

परवा पुन्हा मैदानावर गेलो. या वेळी उशीर झाला नव्हता. तीन फेऱ्या आपणहून मारल्या. पाचांपैकी दोन लागल्या. उस्ताद काही बोलले नाहीत, पण त्यांनी आणखी पाच गोळ्या पुढे केल्या.