ब्रीदरचा पाइप खाली सोडण्याआधी

“टर्बोचा पाइप तेलाने ओला होतोय, ब्रीदर बाहेर काढून दे.” नाशिकच्या आडगाव ट्रक टर्मिनलच्या आसपास मिस्त्रीला ही मागणी नवी नाही. काम दिसायला किरकोळ: होज काढायचा, खाली सोडायचा, क्लिप मारायची.

सिलिंडरमध्ये डिझेल पेटलं की दाबाखालचा थोडा वायू पिस्टन रिंगांच्या फटींतून खालच्या ऑइल चेंबरमध्ये उतरतोच, इंजिन कोरं करकरीत असलं तरी. हा ब्लोबाय. खाली तो तेलाचे बारीक थेंब उचलतो. त्याला वाट मिळाली नाही तर दाब साठतो आणि क्रँकचं ऑइल सील गळू लागतं. म्हणून ब्रीदर. जुन्या ट्रकांत त्याचं तोंड सरळ रस्त्याकडे उघडं असे. पुढे ते एअर फिल्टर आणि टर्बो यांच्यामध्ये जोडलं गेलं, कारण तिथे हलकी ओढ असते. वाटेतला सेपरेटर तेल वेगळं करून चेंबरला परत देतो.

आता ओल्या पाइपचं. तेलाचा पातळ थर असतोच, त्याने घाबरू नये. तेल ओघळत असेल तर आधी सेपरेटर चोंदलाय का आणि ऑइल खुणेच्या वर भरलंय का, ते पाहावं. मग इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण भोकावर उलटं, नुसतं ठेवावं. ते उडू लागलं तर ब्लोबाय वाढलाय. रिंगा झिजल्या असतील. नोझल ठिबकत असेल तर सिलिंडरवरचं तेल धुऊन निघतं आणि त्या आणखी लवकर झिजतात. तरी मालकाला लगेच हाफ इंजिनचा खर्च सांगू नये. एअर ब्रेकच्या कॉम्प्रेसरचं ऑइल बहुतेक ट्रकांत इंजिनातूनच येतं-जातं. त्याच्या रिंगा गेल्या की तोही चेंबरमध्ये हवा ढकलतो, आणि तो आधी तपासला नाही तर इंजिन फुकट उतरवलं जातं.

पाइप बाहेर सोडण्यामागची एक भीती मात्र खरी आहे. तेल फारच ओढलं गेलं तर चावी बंद करूनही डिझेल इंजिन स्वतःचंच ऑइल जाळत पळत सुटतं. कसारा घाटात हे नकोच. पण त्यावर माझी पसंती कॅच कॅनला: वायू आधी डब्यात, तेल तळाशी, उरलेली हवा पुन्हा टर्बोकडे. डबा वेळेवर रिकामा करायचा. होज तेलाला टिकणारा, मूळ मापाचाच. कुठे झोळ पडू द्यायचा नाही, नाहीतर तिथे पाणी-तेलाचा दुधाळ गाळ साचून वाट बंद होते.

पाइप नुसता खाली सोडून टर्बोकडचं जुनं भोक चिंधी कोंबून ठेवणं सगळ्यात वाईट. ते भोक फिल्टरच्या पुढे असतं. चिंधी सुटली की चांदवड-मालेगावची धूळ न गाळता आत जाते आणि रिंगा घासून टाकते. ब्लोबाय दुप्पट जोमाने परत येतो. शिवाय कंपनीने बंद दिलेली व्यवस्था उघडणं हा प्रदूषणाच्या नियमांचाही भंग. पीयूसीवाला सायलेन्सरचाच धूर मोजतो, म्हणून पकडलं जात नाही एवढंच.

1 एप्रिल 2020 पासूनच्या बीएस-6 गाड्यांत तर हात घालूच नये. तिथे ब्लोबायचा हिशेबही उत्सर्जनाच्या मर्यादेत धरलेला असतो. सेपरेटर खराब झाला असेल तर नवा बसवावा, पाइप जिथे आहे तिथेच राहू द्यावा.