इंजिन बंद केल्यानंतरचा तास

पुण्याहून साताऱ्याकडे निघालेली मोटारसायकल खंबाटकी घाट चढून कडेला थांबते. चावी फिरते, इंजिन गप्प होतं आणि लगेच खालून ‘टिक्‌ टिक्‌’ असा आवाज सुरू होतो. नव्या चालकाला वाटतं, काहीतरी बिघडलं. खरं तर तापून प्रसरण पावलेला बेंड पाइप आणि त्यावरचा पत्रा आता आकुंचन पावू लागलेले असतात. दोघांच्या निवण्याचा वेग वेगळा, म्हणून ते एकमेकांवर किंचित सरकतात आणि हा आवाज होतो.

सिलिंडरमध्ये पेट्रोल जळतं तेव्हा आतल्या वायूंचं तापमान क्षणभर २००० अंश सेल्सिअसच्याही वर जातं. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. तरीही ॲल्युमिनियमचं हेड शाबूत राहतं, कारण उष्णता सतत बाहेर काढली जाते. पेट्रोलमधल्या ऊर्जेचा साधारण पाव हिस्साच गाडी पळवायला उपयोगी पडतो. उरलेली बहुतेक ऊर्जा सायलेन्सरमधून आणि फिन्स, ऑइल किंवा कूलंट यांच्यामार्फत हवेत जाते.

गाडी थांबली की वारा थांबतो आणि ऑइलचं फिरणंही थांबतं, पण हेडमध्ये साठलेली उष्णता बाहेरच्या भागांकडे येतच राहते. त्यामुळे पहिली काही मिनिटं काही भाग निवण्याऐवजी आणखी तापतात. २०१२ साली आलेल्या पल्सर २०० एनएससारख्या लिक्विड-कूल्ड गाडीत इंजिनसोबत कूलंटचा पंपही थांबतो. अशा काही गाड्यांमध्ये तर चावी काढल्यावरही रेडिएटरचा पंखा थोडा वेळ फिरत राहतो.

मग इंजिन थंड व्हायला किती वेळ लागतो?

आयझॅक न्यूटननं १७०१ साली यासाठी एक नियम मांडला. वस्तू आणि भोवतालची हवा यांच्या तापमानातला फरक जितका मोठा, तितकं निवणं जलद. समजा, हेड १५० अंशांवर आहे, हवा ३० अंशांची आहे आणि २० मिनिटांत हा फरक निम्मा होतो. मग २० मिनिटांनी हेड ९० अंशांवर येईल, ४० मिनिटांनी ६० वर आणि तासाभरानं ४५ वर. सुरुवातीला झपाट्यानं उतरणारं तापमान पुढे रेंगाळतं. म्हणूनच इंजिन हात लावण्याजोगं व्हायला साधारण अर्धा ते एक तास पुरतो, पण आतपर्यंत हवेइतकं थंड व्हायला कित्येक तास लागतात.

धातूवरही बरंच अवलंबून असतं. बेंड पाइप सर्वांत जास्त तापतो, पण पातळ असल्यानं लवकर निवतो. ऑइलनं भरलेला क्रँककेस मात्र सावकाश निवतो. जुन्या बुलेटचा बोअर बिडाचा आणि वजनदार. ॲल्युमिनियमच्या मानानं बीड उष्णता बरंच हळू वाहून नेतं.

किती थांबायचं, हे काम ठरवतं. ऑइलची पातळी बघायला चार-पाच मिनिटं बास, तेवढ्यात ते खाली उतरतं. गाडी धुण्याआधी किंवा तिच्यावर कव्हर घालण्याआधी तासभर तरी जाऊ द्यावा. गरम रेडिएटरचं झाकण तर उघडूच नये. आतल्या दाबामुळे १०० अंशांपुढेही न उकळलेलं कूलंट दाब सुटताच उसळून अंगावर येतं. ६० अंशांचं पाणीसुद्धा काही सेकंदांत त्वचा भाजतं, म्हणून मुलांना सायलेन्सरच्या बाजूनं गाडीवर चढवू-उतरवू नये. पोटरीला चटका बसलाच, तर २० मिनिटं नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली धरावी. बर्फ किंवा टूथपेस्ट लावू नये.

सर्वांत जास्त धीर लागतो टॅपेट सेटिंगला, म्हणजे व्हॉल्व्हची फट जुळवायला. ही फट मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास असते आणि तापलेल्या धातूत तिचं माप बदलतं. होंडाच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये यासाठी इंजिन ३५ अंशांच्या खाली असावं असं सांगितलेलं असतं. मे महिन्यात नागपूरची दुपार ४५ अंशांवर जाते, तेव्हा सावलीत दिवसभर उभी असलेली गाडीही या मापात बसत नाही. तिथे हे काम रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीवर, ऊन चढण्याआधीच उरकावं लागतं.