रक्षक पेशींचे ब्रेक

खंडाळ्याचा घाट उतरणाऱ्या आगगाडीला इंजिनाच्या ताकदीपेक्षा ब्रेकची गरज अधिक असते. 1863 साली या घाटातून रेल्वे धावू लागली, तेव्हापासून हे सत्य बदललेले नाही. शरीराचे रक्षण करणाऱ्या पेशींचेही असेच आहे. मुलांची प्रतिकारशक्ती वाढविण्यासाठी काय द्यावे, असे पालक आम्हांस नेहमी विचारतात. ती आवरावी कशी, हे मात्र ज्यांच्या घरी आमवाताने कुणाची बोटे वाकडी झाली आहेत तेच विचारतात. हे लेखन मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

आमवातात रक्षक पेशी आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर तुटून पडतात. आजची बरीच औषधे प्रतिकारशक्तीचा मोठा भाग दाबून हा दाह कमी करतात. त्यामुळे जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. परंतु या पेशींना निसर्गाने स्वतःचे ब्रेकही दिलेले आहेत. टी-पेशीच्या पृष्ठभागावरील ‘पीडी-1’ हा ग्राहक त्यांपैकी एक. जपानमधील क्योतो विद्यापीठात तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेने तो 1992 मध्ये शोधला. समोरच्या पेशीवरील जोडीदार रेणू त्याला येऊन चिकटला, की टी-पेशीच्या आत उत्तेजनाचा संदेश पुसणारे विकर कामाला लागते आणि पेशी शांत होते. ज्या उंदरांत हा ग्राहकच नव्हता, त्यांना पुढे स्वतःच्याच शरीरावर हल्ला करणारा आजार जडला.

कर्करोग मात्र हाच ब्रेक दाबून स्वतःचा बचाव करतो. तेथे ब्रेक सोडवावा लागतो. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील डॉक्टरांनी डोके व मान यांच्या वाढलेल्या कर्करोगाच्या 151 रुग्णांवर चाचणी केली. स्वस्त गोळ्यांच्या जोडीला निवोलुमॅब हे महागडे औषध दर तीन आठवड्यांनी अवघे 20 मिलिग्रॅम, म्हणजे प्रचलित मात्रेच्या दहाव्या भागाहूनही कमी दिले. एक वर्षानंतर हयात असलेल्यांचे प्रमाण 16.3 वरून 43.4 टक्के झाले. आपल्या राज्यातील गरीब रुग्णांसाठी हे केवढे मोठे काम आहे! अशा औषधांनी काहींचे सांधे, आतडी वा थायरॉइड ग्रंथी सुजतात. ब्रेक सुटल्याची ती खूण.

मग उलट करून ब्रेक दाबता येईल काय? पेरेसोलिमॅब ही प्रतिपिंडे पीडी-1 ला चिकटून त्याला जागे करतात. आमवाताच्या 98 रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष 2023 मध्ये प्रसिद्ध झाले. मोठ्या मात्रेने बारा आठवड्यांत 71 टक्के रुग्णांना किमान वीस टक्के आराम पडला. निव्वळ दिखाऊ औषधानेही 42 टक्क्यांना तेवढा पडला होता. त्याहून अधिक आरामाच्या कसोट्यांवर ठोस फरक दिसला नाही. एवढ्यावरून हुरळून जाणे आम्हांस योग्य वाटत नाही.

तोवर डॉक्टरांनी दिलेली औषधे आपल्या मनाने बंद करू नयेत. आमवातासाठी दिलेली मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यावयाची असते; चुकून रोज घेतल्यास ती जिवावर बेतू शकते.