उजव्या निलयाचे घनफळ

नागपूरसह पूर्व विदर्भात मोठ्या प्रमाणावर आढळणाऱ्या सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराची चर्चा बहुधा वेदना आणि रक्तक्षय यांपाशीच थांबते. परंतु तांबड्या पेशी लवकर नष्ट होत गेल्याने पडणारी प्राणवायूची तूट भरून काढण्यासाठी हृदय वर्षानुवर्षे जादा रक्त ढकलत राहते, त्यामुळे त्याचे कप्पे ताणून मोठे होतात, आणि काही रुग्णांत फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांतील दाब वाढल्याने उजव्या निलयावर, म्हणजे फुप्फुसांकडे रक्त पाठवणाऱ्या खालच्या कप्प्यावर, दुहेरी भार पडतो.

हा बदल ओळखायचा तर कप्प्याचे घनफळ मोजावे लागते. सर्वांच्या परिचयाचा 'टू-डी एको' ध्वनिलहरींच्या साहाय्याने हृदयाचे सपाट छेद दाखवतो, आणि डावा निलय निमुळता, अंडाकृती असल्यामुळे अशा दोन छेदांवरून त्याचे घनफळ सूत्राने बऱ्यापैकी काढता येते. उजवा निलय मात्र डाव्याला चंद्रकोरीसारखा बिलगून वळलेला असतो. कोणतेही सोपे सूत्र त्याला लागू पडत नाही. त्रिमितीय पुनर्रचनेची खरी गरज भासते ती येथे.

त्यासाठी एमआरआयमध्ये, रुग्णाला थोडा थोडा वेळ श्वास रोखायला सांगून आणि ईसीजीच्या ठोक्यांशी मेळ राखून, हृदयाच्या बुडापासून टोकापर्यंत साधारण ८ मिलिमीटर जाडीचे दहा-बारा छेद टिपले जातात. प्रत्येक छेदावर कप्प्याची आतील कड आखून तिने वेढलेले क्षेत्रफळ छेदांमधील अंतराने गुणले आणि सर्वांची बेरीज केली की घनफळ मिळते. त्याच कडा एकमेकींना जोडल्या की पडद्यावर कप्प्याचा आकार उभा राहतो. सीटी स्कॅनचे छेद याहून कितीतरी पातळ असतात, आणि क्ष-किरणांच्या मोजमापांतून असे छेद गणिताने घडवण्याच्या पद्धतीत जी. एन. रामचंद्रन व ए. व्ही. लक्ष्मीनारायणन यांच्या १९७१ मधील संशोधनाचा मोलाचा वाटा आहे. तरीही सिकलसेलमध्ये मूत्रपिंडांना इजा होण्याचा संभव असल्याने, क्ष-किरण आणि सीटीसाठी शिरेतून दिले जाणारे, मूत्रपिंडांना बाधू शकणारे आयोडीनयुक्त द्रव्य या दोहोंविना घनफळ देणारा एमआरआय वारंवारच्या तपासणीसाठी अधिक सोयीचा ठरतो.

सर्वांत नाजूक जागा झडपेलगतच्या छेदाची. आकुंचनाच्या वेळी झडपेची पातळी टोकाकडे सरकते, त्यामुळे निलय कोठे संपतो आणि वरचा कप्पा, म्हणजे अलिंद, कोठे सुरू होतो हे ठरवणे अवघड जाते, आणि एक छेद चुकून धरला वा वगळला तरी उत्तर लक्षणीय बदलते. आता कडा आखण्याचे काम संगणकही करतो. परंतु या छेदावर तज्ज्ञाची नजर फिरल्याखेरीज तो आकडा रुग्णाच्या अहवालात जाता कामा नये.