मापातले पाप



कोकणात तेल गाळून विकणाऱ्या आपल्या शनवार तेली पूर्वजांना ‘मापात पाप’ म्हणजे काय हे सांगावे लागत नसे. परंतु मनात कपट नसतानाही माप खोटे पडू शकते, याचा अनुभव मला गेल्या उन्हाळ्यात बेरशेवा येथे आला.

आमच्या आईवडिलांच्या विवाहाचे एकुलते एक कृष्णधवल छायाचित्र आईने अलिबागहून येताना ट्रंकेत जपून आणले होते. ते जीर्ण झाल्यामुळे भावंडांसाठी जाड सुती कागदावर त्याच्या प्रती काढण्याचे काम मी अंगावर घेतले. पहिली प्रत निघाली, तो साडीच्या निऱ्यांत हिरवट झाक उतरलेली! थोरली बहीण म्हणाली, “ही आईची पांढरी साडी नव्हे रे.”

छपाईयंत्र तेच आणि शाई तीच असली, तरी प्रत्येक कागदावर रंग निराळा उमटतो. म्हणून कागदागणिक ‘प्रोफाइल’ तयार करतात. शेकडो रंगीत चौकोनांचा तक्ता छापून तो स्पेक्ट्रोफोटोमीटरने मोजावयाचा व त्या आकड्यांवरून संगणकाने शाईचे प्रमाण ठरवावयाचे. करड्या छटांत तिळभर चूकही डोळ्यास खुपते.

मी प्रथम कागदास दोष दिला, मग शाईस. नाचता येईना अंगण वाकडे! अखेर एका वृद्ध मुद्रकाने सुचविले, “तोच तक्ता पुन्हा मोजून पाहा.” पाहतो तो दोन वेळचे आकडे जुळेनात. रंगांतील अंतर ‘डेल्टा ई’ने सांगतात, सुमारे 1 अंतर डोळ्यास जेमतेम जाणवते. येथे काही ओळींत ते 5 च्या वर होते. तक्ता तोच, शाई वाळलेली, म्हणजे दोष मोजण्यातच होता.

कारणे दोन निघाली. हे यंत्र 45 अंशांतून प्रकाश टाकते व कागदावरून सरळ वर परतणारा प्रकाश मोजते. उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत कागदाच्या कडा वळल्या होत्या; तेथे यंत्र उचलले जाऊन अंतर बदलत होते. दुसरे असे की, ‘पांढरे’ म्हणजे किती, हे यंत्र ज्या पांढऱ्या चकतीवरून ठरविते, तिच्यावर सुती कागदाचे तंतू बसले होते. ही चकती त्या त्या यंत्राशी जुळविलेली असते. दुसऱ्या यंत्राची चालत नाही.

चकती तंतू न सोडणाऱ्या कोरड्या, मऊ कापडाने पुसली. कोणतेही द्रावण लावले नाही. तक्ता रात्रभर स्वच्छ कागदांमध्ये वजनाखाली सपाट ठेवला. सकाळी पांढऱ्याचे माप नव्याने घेऊन, यंत्र संथ व एकसारख्या गतीने फिरवीत तक्ता दोनदा मोजला. आकडे जुळले. मगच नवे प्रोफाइल केले.

आकडे जुळूनही छपाई बिघडत असेल, तर मात्र यंत्रास बोल लावू नये. तक्ता शाई ओली असताना मोजला गेला काय, किंवा छापताना संगणकाने आपली रंगदुरुस्ती त्यात मिसळली काय, हे पाहावे. अतिशुभ्र कागदात उजाळा देणारी द्रव्ये असतात. ती अतिनील प्रकाशात चमकून मापास चकवितात.

नवी प्रत बहिणीने खिडकीपाशी नेली, बराच वेळ न्याहाळली आणि म्हणाली, “आता माझ्या नातींनाही दे.”

आपल्याही घरी अशी छायाचित्रे असतील. त्यांच्या प्रती अवश्य काढाव्यात. मात्र कागदास नावे ठेवण्यापूर्वी मापाचीच परीक्षा करावी.