चौकटीतली बातमी

शब्दकोडी म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग, असे आमच्या सौभाग्यवतींचे ठाम मत! लंडनच्या एका माजी विद्यार्थ्याने धाडलेले कात्रण मात्र मी जपून ठेवले आहे. जानेवारी २०१३ मधले ‘गार्डियन’चे ते कोडे. रचनाकार ‘अरॉकेरिया’, म्हणजे ९१ वर्षांचे पाद्री जॉन ग्रॅहम. कोड्यावर टीप होती : रचनाकाराला काहीतरी झाले आहे; काय, ते अमुक क्रमांकांच्या उत्तरांत. चौकटी भरल्याशिवाय कळणार नव्हते. उत्तरे निघाली : कर्करोग, अन्ननलिका, वेदनाशामक शुश्रूषा. त्याच नोव्हेंबरात ते वारले.

वर्गात मी श्लेष शिकवतो, तो गंमत म्हणून. स्वतःच्या मरणाची बातमी कोणी अशी खेळत सांगेल, हे ध्यानीही नव्हते. सौभाग्यवतींनी ते कात्रण वाचले, आणि मुकाट्याने माझ्यापुढे पेन्सिल ठेवली.